पार्सल मुंबईहून निघालं, पुढे कुणाच्या हातात असतं?

दिवाळीच्या आधी या सदरात आम्ही लिहिलं होतं की परदेशी स्पीड पोस्टबद्दल काही अडलं असेल तर कळवा. पत्रं आणि मेल इतके आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी परदेशी टपालाच्या विभागात नोकरी केलीय, त्यामुळे पिशवी कशी बंद होते तिथपासून पाहिलेलं आहे, आणि मला मनापासून वाटतं की ही व्यवस्था लोकांनी समजून घ्यावी, कारण कुठल्या टप्प्यावर पार्सल कुणाच्या ताब्यात असतं हे एकदा कळलं की निम्मी काळजी कमी होते आणि उरलेल्या निम्म्यासाठी कुणाला धरायचं ते समजतं.

प्रश्न (सातारा, एक आई): मुलगा टोरांटोला असतो. त्याला फराळ स्पीड पोस्टानं पाठवला. तीन दिवसांत मुंबईहून पाठवलं असं ट्रॅकिंगला आलं, त्यानंतर आठ दिवस झाले तरी एक ओळ पुढे सरकत नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणतात आमच्याकडून गेलंय. हरवलं का हो?

ताई, आठ दिवस काही दिसत नाही म्हणून हरवलं असं धरू नका, बहुतेक वेळा ते वाटेतच असतं, ते का ते नीट सांगतो.

आपण काउंटरवर पैसे भरतो तेव्हा असं वाटतं की हीच मंडळी थेट टोरांटोच्या दारापर्यंत नेणार. खाजगी कुरिअरचं तसं असू शकतं, मोठ्या कंपन्यांची विमानं त्यांची, गोदाम त्यांचं, बेल वाजवणारा माणूसही त्यांचाच. आपल्या पोस्टाची कॅनडात ना गाडी आहे ना पोस्टमन. आपलं पोस्ट बुकिंग घेतं, मुंबईत पिशवी बंद करतं, विमान कंपनीला देतं, आणि तिकडे कॅनडा पोस्ट ती पिशवी उघडून बटवडा करतं. दोन देशांच्या पोस्टांमधला हा करार आहे आणि याचं जगभरातलं नाव ईएमएस, म्हणजे एक्स्प्रेस मेल सर्व्हिस. सातारहून कोकणात जाताना मधे एसटी बदलावी लागते पण तिकीट एकच काढलेलं असतं, तसं समजा.

आता तुमच्या आठ दिवसांकडे येऊ. मुंबईत एक्स्चेंज ऑफिस असतं, म्हणजे परदेशी टपालाची देवाणघेवाण जिथून होते ते ऑफिस. तिथं पार्सल स्कॅन होतं, कस्टमसमोर जातं, मग त्या त्या देशाच्या पिशवीत पडतं, पिशवीला सील लागतं, आणि त्या क्षणी ट्रॅकिंगला ‘पाठवलं’ असं उमटतं. लोकांचा गैरसमज होतो तो इथंच. ‘पाठवलं’ म्हणजे विमान उडालं असं नाही, पिशवी बंद झाली एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती पिशवी विमानतळावर जाते, विमानाच्या पोटात जागा मिळाली तर त्या रात्री जाते, नाही तर दुसऱ्या दिवशी, कारण प्रवासी विमानात आधी प्रवाशांचं सामान आणि मग उरलेल्या जागेत टपाल आणि कार्गो, आणि दिवाळीच्या आसपास सामान किती असतं ते तुम्हाला माहितीच आहे. शिवाय बऱ्याच वेळा पिशवी थेट जात नाही, मधे आखातात किंवा युरोपात विमान बदलतं.

या सगळ्या काळात तुमच्या पार्सलला कुणी हात लावत नाही. ते सीलबंद पिशवीत असतं, त्यामुळे स्कॅन होते ती पिशवी. पिशवीच्या लेबलवर २९ अक्षरं-आकड्यांचा बारकोड असतो, मला तो वाचायला फार आवडायचं, कारण त्यात अख्खा प्रवास लिहिलेला असतो. पहिली सहा अक्षरं पाठवणाऱ्या ऑफिसची, मुंबईचं असेल तर आयएन आणि पुढे बीओएम, म्हणजे जुनं बॉम्बे अजून तिथं टिकून आहे. पुढची सहा पोचवायच्या ऑफिसची, कॅनडाची असतील तर सीएनं सुरू होणारी, मग टपालाचा प्रकार, वर्षाचा शेवटचा आकडा, डिस्पॅच नंबर, पिशवीचा नंबर, आणि अगदी शेवटच्या चार आकड्यांत वजन, तेही शंभर ग्रॅमच्या हिशोबात. म्हणजे शेवटी ००८४ असेल तर पिशवी ८.४ किलोची. पिशव्यांची ही यादी आणि कुठल्या पिशवीत कुठलं पार्सल आहे तो तपशील कॉम्प्युटरवरून समोरच्या पोस्टाला आधीच गेलेला असतो, पिशवी मागून पोचते.

टोरांटोला पिशवी उघडली की तुमचं पार्सल पुन्हा सुटं स्कॅन होतं आणि ट्रॅकिंग हलायला लागतं. हे सगळे टप्पे सगळ्या देशांनी मिळून ठरवलेले आहेत आणि त्यांना कोड पण एकच आहेत, ईएमए म्हणजे बुकिंग, ईएमबी म्हणजे पाठवणाऱ्या एक्स्चेंज ऑफिसला पोचलं, ईएमसी म्हणजे तिथून निघालं, ईएमडी म्हणजे समोरच्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसला आलं, ईएमई म्हणजे कस्टमनं थांबवलं, ईएमएफ म्हणजे त्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसमधून निघालं, ईएमजी बटवड्याच्या ऑफिसला आलं, ईएमएच म्हणजे बटवड्याचा प्रयत्न केला पण झाला नाही, आणि ईएमआय म्हणजे दिलं. स्क्रीनवर कोड दिसत नाहीत, प्रत्येक देशाची वेबसाइट आपापल्या भाषेत वाक्य लिहिते, पण मागे हेच असतं. तुमचं ईएमसी झालंय आणि ईएमडी व्हायचंय, आणि सगळ्यात लांब शांतता याच दोन स्टेशनांमध्ये असते.

तेव्हा ताई, आज करायचं काय, तर तोच नंबर कॅनडा पोस्टच्या वेबसाइटवर टाकून बघा, काही वेळा तिकडची नोंद आपल्या साइटवर उशिरा येते. आणि दहा-बारा दिवस उलटूनही काहीच नसेल तर बुकिंग केलेल्या ऑफिसमधून रीतसर चौकशी टाका, त्याबद्दल खाली वेगळ्या प्रश्नात लिहिलंय. पाठवण्याच्या आधी तिकडे संप वगैरे आहे का तेही बघत जा, कॅनडात २०२४ ला १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर पोस्टाचा देशभर संप होता, त्या काळात मुंबईनं कितीही घाई केली असती तरी पार्सल तिकडे पडूनच राहणार होतं. अशा वेळी त्या देशाचं पोस्ट बाकी सगळ्या देशांना तातडीचा निरोप पाठवतं, काउंटरवर विचारलं तर सांगायला हवं आणि आपणही हक्कानं विचारायला हवं.

अजून एक, पुढच्या खेपेसाठी. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं गिफ्ट किंवा फूड लिहू नका. ‘घरी केलेली चकली, ५०० ग्रॅम’, ‘शंकरपाळी, ४०० ग्रॅम’ असं इंग्रजीत सुटं सुटं लिहायचं आणि प्रत्येकाची खरी किंमत टाकायची. कॅनडात एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत ड्युटीविना सुटते, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपियन युनियनमध्ये ४५ युरो. हा सगळा मजकूर आता पार्सलच्या आधी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं तिकडच्या कस्टमला जातो, त्यामुळे काउंटरवरच्या माणसानं टाइप करताना तुमचं अक्षर त्याला लागलं पाहिजे, आणि मुलाचा तिकडचा फोन नंबर आणि पोस्टल कोड अगदी दोनदा तपासून द्या. पेढे किंवा खव्याचं काही युरोपात पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये पोस्टानं आत घेत नाहीत.

प्रश्न (नाशिक): ईएमएस आणि स्पीड पोस्ट एकच का वेगळं?

आपल्याकडे परदेशी स्पीड पोस्ट म्हणून जे बुक करता ते ईएमएसच. देशांतर्गत स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं, जगात पोस्टांची अशी जलद सेवा मात्र १९७१ पासून आहे, सुरुवातीला दोन-दोन देश आपसात करार करून चालवायचे. प्रत्येक देशात नाव वेगळं असतं, म्हणून गोंधळ होतो. अमेरिकेतून पाठवताना ते प्रायॉरिटी मेल एक्स्प्रेस इंटरनॅशनल असतं, ब्रिटनमध्ये बटवडा पार्सलफोर्स करतं, फ्रान्समध्ये क्रोनोपोस्ट, जपानमध्ये सरळ ईएमएस. नातेवाइकाला हे नाव सांगून ठेवा म्हणजे अनोळखी गाडी दारात आली की तो परत पाठवणार नाही.

प्रश्न (पुणे, सीए करणारी विद्यार्थिनी): पैसे तर आपण भारतात भरतो, मग परदेशातलं पोस्ट फुकट का पोचवतं? त्यांना काय मिळतं?

फार चांगला प्रश्न, आणि हा कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण सगळं सहकार्य या हिशोबावर उभं आहे.

१८७४ ला ९ ऑक्टोबरला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला २२ देशांनी करार केला, त्यातूनच आजची युनिव्हर्सल पोस्टल युनियन झाली, म्हणून ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो. भारत १ जुलै १८७६ ला त्यात गेला, म्हणजे अगदी सुरुवातीच्या देशांपैकी आहे आपण. तेव्हाचा नियम सोपा होता, ज्या देशात तिकीट लागलं पैसे त्याचे, समोरच्यानं फुकट पोचवायचं. यामागचा विचार असा की पत्र आलं की त्याला उत्तर जाणारच, त्यामुळे शेवटी दोन्हीकडचं बरोबर होतं. बरीच वर्षं हे चाललंही. पण मग काही देशांतून टपाल येतं भरपूर आणि जातं कमी अशी परिस्थिती झाली, ज्यांच्याकडे येतं जास्त त्यांच्या पोस्टमनचा पगार कुणी द्यायचा, आणि शेवटी १९६९ ला टोकियोला युनियनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सभासद देशांच्या मोठ्या सभेत, ठरलं की पोचवणाऱ्या पोस्टाला पाठवणाऱ्या पोस्टानं मोबदला द्यायचा. त्याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. या दरांवरून २०१८ ला अमेरिकेनं युनियनमधून बाहेर पडायची नोटीससुद्धा दिली होती, चीनमधून येणारी छोटी पाकिटं आम्हाला तोट्यात पोचवावी लागतात असं त्यांचं म्हणणं, मग सप्टेंबर २०१९ ला जिनिव्हात खास काँग्रेस भरवून तोडगा काढला गेला.

ईएमएसचा हिशोब मात्र वेगळा आहे, तिथं दोन पोस्टं आपसात दर ठरवतात, एकमेकांकडे किती नग गेले ते मोजतात आणि ज्यानं जास्त पाठवले तो फरकाचे पैसे देतो. विमानाचं भाडं पाठवणाऱ्याचं. हिशोब होतो एसडीआरमध्ये, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, तुझ्या अभ्यासात असेलच.

आणि खरी महत्त्वाची गोष्ट १९९८ ला झाली. त्या वर्षी युनियनच्या छत्राखाली ईएमएस कोऑपरेटिव्ह सुरू झाली. नाव सहकारी आहे आणि कामही तसंच, सभासद व्हायचं की नाही हे प्रत्येक पोस्टानं स्वतः ठरवायचं, आज १८० च्या घरात सभासद आहेत. तिथं प्रत्येक दोन देशांमध्ये किती दिवसांत पोचायला हवं हे ठरतं, कुणी वेळेवर पोचवलं, कुणी स्कॅनची नोंद वेळेत पाठवली, कुणाच्या कॉल सेंटरनं चौकशीला मुदतीत उत्तर दिलं हे मोजलं जातं, आणि मोजलेले आकडे सभासदांना एकमेकांचे दिसतात. चांगलं काम करणाऱ्यांना सोनं, चांदी, कांस्य अशी सर्टिफिकेटं देतात. पण सर्टिफिकेटापेक्षा जास्त फरक पडला तो पैशामुळे, कामगिरीनुसार मोबदला अशी योजना त्यांनी आणली, म्हणजे पार्सल उशिरा दिलं किंवा नोंद पाठवली नाही तर पोचवणाऱ्या पोस्टाला मिळणारे पैसे कमी होतात. माझं स्पष्ट मत आहे की ट्रॅकिंग सुधारलं ते यामुळे. बटवडा करून दुसऱ्या दिवशी सवडीनं नोंद करायची ही पद्धत पूर्वी सगळीकडे होती, पैसे कापले जायला लागल्यावर दारातच स्कॅन व्हायला लागलं.

प्रश्न (ठाणे): ‘तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपूर्ण आहे, ४८ तासांत लिंकवर अपडेट करा’ असा पोस्टाच्या नावानं मेसेज आला, सोबत नंबर पण आहे. खरा कसा ओळखायचा?

लिंकवर जाऊ नका. असे मेसेज खोटे आहेत हे सरकारनंही जाहीर केलेलं आहे, त्या लिंकवर थोडेसे पैसे भरायला सांगतात आणि कार्डाचा तपशील घेतात.

नंबर बघायची एक रीत सांगतो. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर १३ खुणांचा असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. पहिलं अक्षर ई असेल तर ईएमएस, आर असेल तर रजिस्टर, सी असेल तर पार्सल. शेवटची दोन अक्षरं जिथून निघालं त्या देशाची, भारत आयएन, अमेरिका यूएस, ब्रिटन जीबी, जपान जेपी. म्हणजे परदेशातून आलेलं म्हणतायत आणि शेवटी आयएन आहे, तर तिथंच संशय घ्या.

नऊ आकड्यांतला शेवटचा तपासणीचा असतो. समजा नंबर आहे ईई १२३४५६७८५ आयएन. पहिल्या आठ आकड्यांना ओळीनं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, म्हणजे ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६. बेरीज २०४. तिला ११ नं भागलं की बाकी ६ उरते, ११ मधून ६ गेले ५, आणि नंबरात नववा आकडा ५ च आहे, म्हणजे नंबर नियमात बसतो. वजाबाकीचं उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५. ही युक्ती काउंटरवर एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर पकडण्यासाठी आहे. नंबर नियमात बसला नाही तर तो नक्की खोटा, पण बसला म्हणून मेसेज खरा असं मात्र धरू नका, कारण खरा नंबर कुणीही कुठूनही उचलू शकतो. पोस्टाची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि तिथं नंबर टाका.

प्रश्न (कोल्हापूर): आम्ही चपला करतो आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना पोस्टानं पाठवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अचानक बुकिंग बंद झालं, ऐन सणाच्या तोंडावर फार नुकसान झालं. असं का झालं आणि परत होईल का?

तुमचं नुकसान झालं याचं मला खरंच वाईट वाटतं, त्या दिवसांत हातानं माल करणाऱ्या लोकांचे फोन मलाही येत होते.

झालं असं की अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल ड्युटीविना आत जायचा. ३० जुलै २०२५ च्या आदेशानं ती सवलत २९ ऑगस्टपासून काढून घेतली. नुसती ड्युटी लागली असती तर एक वेळ गिऱ्हाइकानं भरली असती, अडचण वेगळीच होती, ड्युटी गोळा करून अमेरिकन कस्टमकडे भरायची जबाबदारी माल नेणाऱ्यांवर किंवा तिकडच्या मान्यताप्राप्त एजन्सीवर टाकली, आणि ती कुणी, कशी, कुठल्या सिस्टीममधून भरायची याची तयारी कुणाचीच नव्हती. विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला. आपल्या पोस्टानं २५ ऑगस्टपासून बुकिंग थांबवलं, सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी चालू ठेवल्या होत्या, पण विमानच नेत नाही म्हटल्यावर महिनाअखेरीस तेही बंद करावं लागलं. आणि हे फक्त आपलं नव्हतं, ८८ पोस्टांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा काही प्रमाणात थांबवली होती, २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी कमी झालं असं युनिव्हर्सल पोस्टल युनियननंच सांगितलं. दीडशे वर्षं चालत आलेली देवाणघेवाण एका आदेशानं अशी आक्रसली हे बघताना मला फार त्रास झाला.

मार्ग निघाला तोही सहकार्यातूनच. ड्युटी पाठवतानाच भरून घ्यायची, मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत अमेरिकेत जमा करायची, तिकडे गिऱ्हाइकाकडे काही मागायचं नाही, ही पद्धत बसवून आपलं पोस्ट १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झालं. त्या वेळी आपल्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के ड्युटी होती, आणि १०० डॉलरपर्यंतची भेट ड्युटीमुक्त. दर हे सरकारं बदलतात, म्हणून गिऱ्हाइकाला किंमत सांगायच्या दिवशी काउंटरला किंवा पोस्टाच्या साइटवर आजचा दर बघा, मागच्या महिन्याच्या पावतीवर जाऊ नका. विकलेला माल गिफ्ट म्हणून तर अजिबात पाठवू नका, एकदा पकडलं की तुमचं नाव लक्षात राहतं.

परत होईल का, तर होऊ शकतं. टपाल शेवटी दोन सरकारांच्या परवानगीनं चालतं. मे २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानातून येणारं सगळं टपाल थांबवलं तेही आपण पाहिलंय. माझा सल्ला एवढाच की सगळी गिऱ्हाइकं एका देशातली ठेवू नका, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया इकडेही थोडा थोडा माल जाऊ दे, पत्रकं तीच, फॉर्म तोच, आणि डाक निर्यात केंद्रात व्यवसायाचं बुकिंग आणि कस्टमचे कागद दोन्ही होतात, जवळच्या केंद्राची चौकशी करा.

प्रश्न (नागपूर): भाचीला लीड्सला कागदपत्रं पाठवली. तिनं तिकडच्या पोस्टात फोन केला तर म्हणाले पाठवणाऱ्याला विचारायला सांगा. इथं आलो तर म्हणतात तिकडे विचारा. मी कुणाला विचारू?

काका, तिकडच्यांनी सांगितलं ते बरोबर आणि इथं सांगितलं ते चूक. करार तुमचा झालाय तो बुकिंग घेणाऱ्या पोस्टाशी, पैसे त्यांनी घेतलेत, त्यामुळे चौकशी त्यांनीच घ्यायची आणि त्यांनीच पुढे पाठवायची. तिकडे विचारा असं सांगून परत पाठवणं हे नियमात बसत नाही.

जाताना पावतीची मूळ प्रत आणि झेरॉक्स, पाठवणाऱ्याचा-घेणाऱ्याचा पत्ता, आत काय होतं आणि किंमत, आणि भाचीकडून दोन ओळींचा ईमेल की मला मिळालेलं नाही, एवढं घेऊन जा. तोंडी बोलून परत येऊ नका, चौकशी नोंदवून घ्या आणि तक्रारीचा नंबर घ्या, काउंटरवर घेत नसतील तर पोस्टाच्या साइटवर स्वतः टाका किंवा पोस्टमास्तरांना लेखी द्या आणि पोच घ्या. एकदा नोंद झाली की ती इंटरनेटवरच्या सिस्टीममधून थेट त्या देशाच्या ईएमएस कॉल सेंटरला जाते, त्यांना ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावंच लागतं, कारण ते उत्तर वेळेत आलं का हे सुद्धा मोजलं जातं. पूर्वी हीच चौकशी कागदी फॉर्मवर विमानानं जायची आणि उत्तराला महिने लागायचे. आणि काका, उशीर करू नका, चौकशीला मुदत असते, पंधरा दिवस झाले की नोंदवूनच टाका.

दरम्यान भाचीला सांगा की पार्सलफोर्सच्या साइटवर नंबर टाकून बघ, दारात कुणी भेटलं नाही म्हणून कार्ड टाकून गेलेत आणि पार्सल डेपोत पडलंय असं फार वेळा होतं, विद्यार्थ्यांच्या सामायिक घरात ते कार्ड कुणीतरी उचलून ठेवतं आणि विसरतं.

प्रश्न (रत्नागिरी): बहीण मेलबर्नहून राखी आणि भाचरांना कपडे पाठवते, गिफ्ट लिहिते तरी इथं ड्युटी घेतात. चूक आहे ना?

चूक नाही. डिसेंबर २०१९ पासून भारतात गिफ्ट म्हणून ड्युटीमुक्त सोडवता येतात त्या दोनच गोष्टी, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीबरोबरच्या भेटवस्तू त्यात येत नाहीत. म्हणून ताईंना सांगा राखी वेगळ्या पाकिटात पाठवा आणि कपडे वेगळे, कपड्यांवर ड्युटी भरायची तयारी ठेवा. दोन्ही एकाच डब्यात घातलं की राखी पण कपड्यांच्या तपासणीत अडकते आणि पौर्णिमा निघून जाते.

प्रश्न (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर): खाजगी कुरिअर की ईएमएस, सरळ एक सांगा.

सरळच सांगतो. परवा मुलाखत आहे आणि कागद उद्या-परवा हवेतच, पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि शहर मोठं आहे, तर कुरिअर. बाकी जवळजवळ सगळ्याला मी ईएमएस सांगेन. स्वस्त पडतं, देशानुसार साधारण २० ते ३० किलोपर्यंत जातं, आणि त्या देशाचं पोस्ट जिथं जातं तिथं तुमचं पार्सल जातं, डोंगरातल्या गावात आणि छोट्या बेटावर सुद्धा, लांबच्या भागाचे वेगळे पैसे न घेता, जे बऱ्याच कुरिअर कंपन्या घेतात. पोस्टांमध्येही जास्त घट्ट गट आहेत, २००२ ला ऑस्ट्रेलिया, चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या पोस्टांनी कहाला नावाचा गट केला, हवाईत कहाला भागात बैठक झाली होती म्हणून ते नाव, आणि ठरलेल्या तारखेला नाही पोचलं तर पैसे परत अशी हमी दिली. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या पार्सलला अशी तारखेची हमी मिळायला हवी अशी माझी फार इच्छा आहे, आणि पोस्टातल्या वरिष्ठांनी हे वाचलं तर त्यांना माझी ही विनंती समजा.

तोवर कागद पाठवायचे असतील तर हातात पंधरा दिवस ठेवून बुक करा, सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी, म्हणजे शनिवार-रविवार तिकडच्या कस्टमच्या दारात जाणार नाही. मूळ कागदांची स्कॅन कॉपी मेलवर आधी पाठवून ठेवा आणि पावतीचा फोटो काढून घेणाऱ्यालाही पाठवा, नंबर दोघांकडे असला की ट्रॅकिंग दोन्हीकडून बघता येतं.